लगामाचा शोध

दूध उतूं जाऊं नये म्हणून चुलीपाशीं जें माणूस उभें असतें, त्याच्या कामाची नोंद कोणी ठेवीत नाहीं. दूध उतूं गेलें म्हणजे मात्र "लक्ष कुणाचें होतें?" असा प्रश्न साऱ्या घरांत होतो. न घडलेल्या अनर्थाचें श्रेय कोणास द्यावयाचें, ही अडचण इतिहासकाराचीहि आहे. लढाया, तह, राज्यारोहणें ह्यांच्या तारखा आपण पाठ करतों. परंतु एखाद्या शहाण्या कारभाऱ्यानें जी लढाई होऊंच दिली नाहीं, तिची तारीख बखरींत सांपडत नाहीं. आपल्या शरीरांतहि असे कारभारी आहेत. वाढ घडवून आणणें हें त्यांचें काम नसून वाढ आवरणें हें त्यांचें काम आहे. अशा कारभाऱ्यांपैकीं जो सर्वांत आधीं माणसाच्या हातीं लागला, त्याच्या शोधाचा इतिहास आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

ह्या इतिहासाचा आरंभ लहान मुलाच्या डोळ्यांत होतो. डोळ्याच्या मागील भिंतीवर एक नाजूक पडदा पसरलेला असतो. त्याला दृष्टिपटल म्हणतात, आणि बाहेरील जगाचें चित्र त्यावर उमटतें. क्वचित् एखाद्या बालकाच्या ह्या पडद्यांतच गांठ धरते. बाळ हसत असतें, खेळत असतें, दूध पीत असतें. परंतु दिव्याच्या उजेडांत त्याच्या डोळ्यांतील काळ्या बाहुलीच्या जागीं पांढरट चमक दिसूं लागते, अंधारांत मांजराचा डोळा चकाकावा तशी. पुष्कळदां ती प्रथम आईलाच दिसते. कधीं डोळा तिरळा होऊं लागतो. ही गांठ म्हणजे कर्करोग होय. सुमारें पंधरा ते वीस हजार जन्मांमागें एका बालकास हा रोग होतो, आणि साऱ्या जगांत दरवर्षीं सुमारें आठ हजार बालकें त्यास बळी पडूं पाहतात. तीं बहुतेक सर्व पांच वर्षांच्या आंतील असतात. वेळीं उपाय न झाल्यास ही गांठ डोळ्याच्या मज्जातंतूवरून मेंदूकडे चालत जाते, आणि मूल दगावतें.

१८०९ सालीं एडिंबरो येथील जेम्स वॉर्ड्रॉप नांवाच्या शस्त्रवैद्यानें मऊ व रक्ताळ गांठींच्या रोगावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोगट डोळे चिरून पाहून त्यानें असें दाखवून दिलें कीं, लहान मुलांच्या डोळ्यांतील ही गांठ बहुधा दृष्टिपटलापासूनच उगवते. त्यावरून त्यानें एक धीट सल्ला दिला. रोग डोळ्याबाहेर पडण्यापूर्वींच डोळा काढून टाकावा, म्हणजे मूल वांचण्याची आशा आहे, असा तो सल्ला होता. तो काळ कसा होता हें ध्यानांत घ्या. ईथरची गुंगी १८४६ सालची आणि क्लोरोफॉर्मची १८४७ सालची. त्यापूर्वीं शुद्धीवर असलेल्या दोन वर्षांच्या पोराचा डोळा काढण्यास कोणता बाप संमति देणार, आणि कोणत्या वैद्याचा हात धजणार? पुढें १८५१ सालीं हेल्महोल्ट्स ह्या जर्मन पंडितानें डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र सिद्ध केलें आणि गांठ लहान असतांनाच ओळखतां येऊं लागली. गुंगी मिळाली, यंत्र मिळालें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कांहीं मुलें खरोखरच वांचूं लागलीं. ह्या रोगास आज रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. तें नांव अमेरिकेंतील नेत्रवैद्यांच्या संस्थेनें १९२६ सालीं रूढ केलें.

आतां पाहा, एका प्रश्नाचें उत्तर मिळालें कीं त्यांतूनच दुसरा प्रश्न जन्मास येतो. जोंपर्यंत हीं मुलें दगावत होतीं तोंपर्यंत हा रोग आनुवंशिक आहे कीं काय, हें कळण्यास मार्गच नव्हता. कारण दगावलेल्या मुलास संतति कोठून असणार? मुलें वांचलीं, मोठीं झालीं, त्यांचीं लग्नें झालीं, तेव्हां कोठें रोगाचें दुसरें रूप दिसलें. ब्राझील देशांत इलारियो द गूव्हेया नांवाचे नेत्रवैद्य होते. त्यांनीं १८७२ सालीं एका मुलाचा रोगट डोळा काढला. मूल वांचलें. तो मुलगा मोठा झाला, त्यानें संसार थाटला, आणि पुढें त्याच्या दोन मुलींच्या दोन्ही डोळ्यांत तीच गांठ निघाली. ज्या हातांनीं बापास वांचविलें त्याच वैद्यासमोर तो बाप आपल्या लेकी घेऊन आला. ह्या प्रसंगाचें करुणपण मी शब्दांनीं वाढवीत नाहीं. गूव्हेया ह्यांनीं हा वृत्तांत लिहून ठेवला, आणि हा रोग बापाकडून लेकराकडे जाऊं शकतो ही गोष्ट वैद्यकाच्या वहींत नोंदली गेली.

परंतु वहींतील पुढच्या नोंदी जुळेनात. बहुतेक रोगी मुलांच्या घराण्यांत हा रोग पूर्वीं कोणासहि झालेला नसे. कांहीं मुलांच्या एकाच डोळ्यांत गांठ होई, तर कांहींच्या दोन्ही डोळ्यांत, आणि एकेका डोळ्यांत अनेक गांठी. दोन्ही डोळ्यांचीं मुलें लवकर, म्हणजे पहिल्या वर्षाच्या आसपासच आजारी पडत. एका डोळ्याचीं बहुधा उशिरानें. दोन्ही डोळ्यांचा रोग होऊन जीं वांचलीं, त्यांच्या संततीपैकीं सुमारें निम्म्यांस हा वारसा जाई. एका डोळ्याच्या बहुतेकांकडून मात्र तो जात नसे. रोग एकच, पण त्याचे स्वभाव दोन. तो वंशाचा आहे असें म्हणावें तर बहुसंख्य रोगी त्यास साक्ष देत नाहींत. नाहीं म्हणावें तर गूव्हेया ह्यांचा रोगी उभा राहतो.

ह्या सुमारास कर्करोगाविषयीं विद्वानांचें लक्ष अगदींच दुसरीकडे लागलेलें होतें. १९११ सालीं न्यूयॉर्क येथें पेटन राउस ह्यांनीं कोंबडीच्या गांठींतील अर्क गाळून दुसऱ्या कोंबडीस टोंचला व तिला कर्करोग झाल्याचें दाखविलें. त्या अर्कांत विषाणु होता. त्या विषाणूंतील कर्करोगकारक जनुक मुळांत कोंबडीच्या स्वतःच्या पेशींतूनच उचललेलें आहे, हें १९७६ सालीं बिशप आणि व्हार्मस ह्यांनीं सिद्ध केलें, आणि त्याबद्दल त्यांस १९८९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. ह्या शोधांनीं मनावर असें चित्र बिंबलें कीं, कर्करोग म्हणजे घोड्यास मारलेली टांच होय. पेशीस वाढीचा हुकूम देणारें जनुक बिघडलें, हुकूम सुटत राहिला, आणि घोडा उधळला. हें चित्र खोटें नाहीं. परंतु घोडा दोन कारणांनीं उधळतो. टांच मारल्यानें उधळतो, तसा लगाम तुटल्यानेंहि उधळतो.

लगामाचा संशय प्रथम आला तो जर्मनींतील व्युर्त्सबुर्ग येथील थिओडोर बोव्हेरी ह्यांस. ते समुद्रांतील काटेरी जलसाळूंच्या अंड्यांचा अभ्यास करीत. पेशीच्या गाभ्यांत ज्या सूत्रांवर आनुवंशिक गुण राहतात, त्या गुणसूत्रांची वांटणी चुकली म्हणजे पेशी भलत्याच वागूं लागतात, हें त्यांनीं पाहिलें होतें. १९१४ सालच्या आपल्या पुस्तिकेंत त्यांनीं असा तर्क मांडला कीं, पेशीच्या विभागणीस आवर घालणारी कांहीं योजना गुणसूत्रांवर असावी आणि ती नाहींशी झाली म्हणजे बेबंद वाढ होत असावी. पुढच्याच वर्षीं ते वारले. त्यांचा तर्क अर्धशतकाहून अधिक काळ तसाच पडून राहिला. १९६९ सालीं ऑक्सफर्ड येथील हेन्री हॅरिस आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं कर्करोगी पेशी व निरोगी पेशी एकमेकींत मिसळून एक केल्या. रोगाची सरशी व्हावी अशी अपेक्षा होती. पण झालें उलट. निरोगी पेशीचे गुण वरचढ ठरले व कर्करोगी वृत्ति दबली. निरोगी पेशीजवळ असें कांहीं तरी होतें कीं जें रोगी पेशीनें गमावलें होतें.

तें काय असावें, ह्याचा माग सूक्ष्मदर्शकानें लागला नाहीं. तो लागला त्रैराशिकाच्या पाटीवर. आल्फ्रेड नुडसन हे बालरोगांचे वैद्य अमेरिकेंत ह्यूस्टन येथील एम्. डी. अँडरसन रुग्णालयांत काम करीत. त्यांनीं ह्या नेत्ररोगाच्या ४८ मुलांचीं टिपणें समोर घेतलीं. कोणाचा एक डोळा, कोणाचे दोन, गांठी किती, आणि रोग कळला तेव्हां वय किती महिन्यांचें, एवढीच त्यांची सामग्री. त्यांनीं आलेख काढले. दोन्ही डोळ्यांच्या मुलांपैकीं अमुक वयापर्यंत ज्यांचा रोग अजून उघड झालेला नव्हता त्यांचें प्रमाण घातश्रेणीच्या कागदावर मांडलें, तों तें सरळ रेषेंत उतरलें. एका डोळ्याच्या मुलांची रेषा मात्र आरंभीं सपाट राहून मग खालीं वळली.

ह्याचा अर्थ काय? एकाच अपघाताची वाट पाहावयाची असेल, तर दर महिन्यास उरलेल्यांपैकीं ठराविक हिस्सा गळत जातो आणि रेषा सरळ येते. दोन अपघात एकामागून एक व्हावे लागत असतील, तर आरंभीं बराच काळ कांहीं घडतच नाहीं, आणि मग गळती सुरू होते. १९७१ सालीं नुडसन ह्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. हा रोग होण्यास दोन आघात लागतात. वंशांतून आलेल्या रोगांत पहिला आघात जन्मापूर्वींच झालेला असतो व दुसरा डोळ्यांतील एखाद्या पेशीवर होतो. वंशांतून न आलेल्या रोगांत दोन्ही आघात एकाच पेशीवर जन्म धरल्यानंतर व्हावे लागतात.

घराच्या दारास कडी असते आणि अडसरहि असतो. कडी निखळली तरी अडसर चोरास थोपवितो. दोन्ही गेलीं तरच घर उघडें पडतें. आपल्या प्रत्येक पेशींत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची व एक बापाकडची. ज्या बालकास एक प्रत बिघडलेलीच मिळाली, त्याच्या साऱ्या घरांना जन्मतःच कडी नसते. आतां ठोकळ हिशेब करून पाहा. समजा, एका प्रतीवर आघात होण्याचा संभव दहा लाख पेशींत एक आहे. दृष्टिपटल घडविणाऱ्या पेशी कित्येक लाख असतात. ज्याच्या प्रत्येक पेशींत एक दोष आधींच आहे, त्याच्या डोळ्यांत दोनतीन गांठी होणें जवळजवळ ठरलेलेंच. परंतु ज्याच्या पेशी निर्दोष आहेत, त्याच्या एकाच पेशीवर दोन्ही आघात होण्यास दहा लाखांस दहा लाखांनीं गुणावें लागतें. म्हणजे संभव एक लाख कोटींत एक. म्हणून असा रोग विरळा, उशिरा, आणि एकाच डोळ्यांत एकाच गांठीच्या रूपानें येतो.

नुडसन ह्यांच्या हिशेबांत वारसा आलेल्या मुलास सरासरी तीन गांठी होत असत. सरासरी तीन असतां एकहि गांठ न होण्याचा संभव शेकडा सुमारें पांच निघतो. त्यामुळें एक जुनें कोडें सुटलें. कधीं कधीं आजोबांस रोग झालेला असे, बाप अगदीं निरोगी असे, आणि नातवास पुन्हां रोग होई. बापाजवळ दोष होता, दैवानें मात्र दुसरा आघात झाला नव्हता. आतांपर्यंत जें दैवाच्या खात्यावर टाकलें जात होतें, त्याचा हिशेब लागला.

हिशेब लागला, पण तें जनुक प्रत्यक्ष कोणी पाहिलें होतें? त्याचा पहिला पत्ता आधींच मिळालेला होता. १९६३ सालीं लंडनहून एका लेखांत अशा एका रोग्याच्या गुणसूत्राचा तुकडा गळालेला असल्याचें प्रसिद्ध झालें. लेखकांचीं नांवें होतीं के. पी. लेले, पेनरोज आणि स्टॅलर्ड. पहिलें आडनांव ऐकून मराठी श्रोत्यांचे कान टवकारले असतील, आणि तें साहजिकच आहे. पुढें १९७८ सालीं जॉर्ज युनिस आणि रामसे ह्यांनीं दाखविलें कीं, तेराव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवरील एक नेमकी पट्टी अशा रोग्यांत नाहींशी झालेली असते. १९८३ सालीं वेब्स्टर कॅव्हेनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांच्या रक्तांतील पेशी आणि त्याच मुलांच्या गांठींतील पेशी ताडून पाहिल्या. रक्तांत तेराव्या गुणसूत्राच्या दोन्ही प्रतींच्या खुणा होत्या. गांठींत पुष्कळदां एकाच प्रतीच्या खुणा उरल्या होत्या. वंशांतून आलेल्या रोगांत उरलेली प्रत ही आजारी आईची किंवा बापाचीच असते, हें १९८५ सालीं सिद्ध झालें. निरोगी प्रत गेली होती, सदोष तेवढी राहिली होती. पाटीवर जो दुसरा आघात मांडला होता तो आतां डोळ्यांनीं दिसला.

शेवटचा टप्पा बोस्टन नगरीच्या परिसरांत पार पडला. थाडियस ड्रायजा हे तेथील नेत्ररुग्णालयांतील वैद्य होते, आणि काढलेल्या डोळ्यांतील गांठी ते जपून ठेवीत असत. गुणसूत्रांच्या तुकड्यांपैकीं एक तुकडा कांहीं गांठींत मुळींच सांपडत नाहीं, हें त्यांच्या ध्यानांत आलें. म्हणजे तेथें दोन्ही प्रती गळाल्या होत्या. स्टीफन फ्रेंड हे तरुण वैद्य तेव्हां रॉबर्ट वाइनबर्ग ह्यांच्या प्रयोगशाळेंत शिकत होते. दोघांनीं मिळून त्या जागेभोंवतीं खणावयास आरंभ केला, आणि १९८६ च्या ऑक्टोबरांत त्या जनुकाचा शोध प्रसिद्ध झाला. पुढच्या वर्षीं कॅलिफोर्नियांतील वेन-ह्वा ली आणि युएन-काय फुंग ह्यांच्या दोन निरनिराळ्या मंडळ्यांनीं त्यास दुजोरा दिला. हें जनुक सुमारें एक लाख ऐशीं हजार अक्षरांचें असून सत्तावीस खंडांत विभागलेलें आहे, व त्यापासून ९२८ घटकांचें एक प्रथिन तयार होतें. रोगाच्या नांवावरूनच त्यास आरबी म्हणतात. कर्करोगास आवर घालणारें असें मनुष्यास हातीं आलेलें हें पहिलें जनुक.

येथें कोणी विचारील कीं, हें प्रथिन आवर घालतें म्हणजे नेमकें काय करतें? त्यासाठीं मी आपणांस पुण्याच्या पेशवे दफ्तरांत घेऊन जातों. तेथील जुने कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. मूळ कागद बाहेर नेतां येत नाहीं. ज्याला हवा त्यानें रुमाल सोडावा व नक्कल करून न्यावी. पेशीचेंहि असेंच आहे. गाभ्यांतील मूळ लेख गाभ्यांतच राहतो. ज्या वेळीं जें प्रथिन हवें असेल, त्या वेळीं त्या लेखाची नक्कल करून बाहेर धाडतात. शास्त्रज्ञ ह्यास प्रतिलेखन म्हणतात. पेशीची विभागणी व्हावयाची असेल तर तिच्यासाठीं लागणाऱ्या कागदांच्या नकला काढाव्या लागतात, आणि त्या काढविणारा एक कारकून आहे. त्याचें शास्त्रीय नांव ई-टू-एफ्. आरबी हें प्रथिन ह्या कारकुनाचा हात धरून ठेवतें, हें १९९१ सालीं निरनिराळ्या प्रयोगशाळांतून उघडकीस आलें. १९९२ सालीं असें दिसलें कीं, तें नुसता हात धरून थांबत नाहीं. ज्या जागेवरून नक्कल करण्याची चालना मिळावयाची त्याच जागेवरून तें मनाईचा हुकूम सोडतें. आणि १९९८ सालीं केंब्रिज, पॅरिस व अमेरिका येथील तीन मंडळ्यांनीं ही मनाई कशी अमलांत येते तें दाखविलें. आरबी आपल्या मदतीस एक विकर बोलावून घेतें. तें विकर मूळ लेखाभोंवतालच्या गुंडाळीवरील लहान रासायनिक खुणा काढून टाकतें, आणि मग गुंडाळी घट्ट बसते. थोडक्यांत, रुमाल पुन्हां बांधला जातो व त्यास गांठ मारली जाते. नक्कल करणार तरी कशाची?

ह्यावरून हें प्रथिन वाढीचें वैरी आहे असा कोणी ग्रह करून घेऊं नये. बाळ वाढावयाचें, जखम भरावयाची, रक्त नवें व्हावयाचें, तर पेशींनीं विभागलेंच पाहिजे. योग्य वेळ आली म्हणजे पेशींतील कांहीं विकरें आरबीवर फॉस्फरसाचे कण चढवितात. त्यासरशी तें कारकुनाचा हात सोडतें आणि काम चालू होतें. काम होतांच तें पुन्हां जागेवर येतें. पेशीच्या विभागणीचें हें वेळापत्रक उलगडल्याबद्दल हार्टवेल, हंट व नर्स ह्यांस २००१ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. चांगला लगाम घोड्यास खिळवून ठेवीत नाहीं. तो त्यास केव्हां दौडावें हें शिकवितो.

ह्या लगामाची थोरवी मनुष्यास कळण्यापूर्वींच विषाणूंना कळलेली होती, ही ह्या इतिहासांतील सर्वांत चमत्कारिक गोष्ट होय. १९८८ सालीं एड हार्लो ह्यांच्या मंडळीस दिसलें कीं, एक सर्दीचा विषाणु आपल्या एका प्रथिनानें पेशींतील आरबीस जखडून टाकतो. त्याच वर्षीं डेव्हिड लिव्हिंग्स्टन ह्यांच्या मंडळीस माकडांच्या एका विषाणूंत तीच युक्ति सांपडली. १९८९ सालीं मानवी पॅपिलोमा विषाणूचीहि तीच तऱ्हा असल्याचें दिसलें. हा विषाणु म्हणजे स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाशीं होणाऱ्या कर्करोगाचें कारण होय, आणि तें दाखवून दिल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. विषाणूला स्वतःच्या प्रती वाढवावयाच्या असतात. त्यासाठीं पेशी विभागणीच्या कामास लागलेली हवी असते. म्हणून तो प्रथम पहारेकऱ्याचेच हात बांधतो. मुलाच्या डोळ्यांत जें जनुक तुटून पडतें, तेंच स्त्रीच्या गर्भाशयाच्या मुखाशीं धडधाकट असूनहि जेरबंद होतें. परिणाम दोहींकडे एकच. ह्या विषाणूवरील भारतीय बनावटीची लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केली व तिला २०२२ सालीं मंजुरी मिळाली. ज्या घरांत मुली वाढत आहेत त्या घरांनीं वैद्यास तिच्याविषयीं अवश्य विचारावें.

आरबीचा लगाम इतरत्रहि तुटलेला आढळतो. हाडांच्या कांहीं कर्करोगांत आणि फुप्फुसाच्या एका विशेष उग्र कर्करोगांत तो तुटलेला असतो. स्तनाच्या कांहीं कर्करोगांत लगाम शाबूत असतो, पण तो सोडविणारीं विकरें अतिरेक करतात. त्या विकरांस रोखणारें पहिलें औषध, पाल्बोसिक्लिब, अमेरिकेंत २०१५ सालीं मंजूर झालें. लगाम मुळांतच तुटला असेल तर ह्या औषधाचा उपयोग नाहीं. हातीं धरण्यास तो असला तरच तें चालतें. १८०९ सालीं सुरू झालेली विचारपूस दोनशें वर्षांनीं अशी औषधाच्या बाटलीपर्यंत येऊन पोंचली.

परंतु इतिहास नुसत्या विजयांचा सांगूं नये. डोळा वांचावा म्हणून विसाव्या शतकांत पुष्कळ मुलांस क्ष-किरणांचे उपचार देण्यांत आले. गांठी विरल्या, दृष्टि राहिली, सर्वांस आनंद झाला. मग त्यांतील कांहीं मुलें तरुणपणीं हाडांच्या व इतर कर्करोगांनीं आजारी पडूं लागलीं. ज्यांना वंशांतून दोष मिळाला होता, त्यांच्या साऱ्या शरीरांतील पेशींची कडी आधींच निखळलेली होती. किरणांनीं कित्येक ठिकाणचा अडसरहि काढला. दोष कोणाचा? त्या वैद्यांनीं जें केलें तें मुलाच्या कल्याणासाठींच केलें. परंतु हें कळल्यावर १९९० नंतर रीत बदलली. प्रथम औषधांनीं गांठ लहान करावयाची, मग थंडी किंवा लेसरचा प्रकाश देऊन ती जाळावयाची, आणि किरणोपचार शक्य तों टाळावयाचा, असें धोरण पडलें. जनुकाचें ज्ञान नसतें तर ही चूक चूक म्हणून ओळखूंहि आली नसती.

आतां शेवटीं आपल्या घरांविषयीं दोन शब्द. संपन्न देशांत आज ह्या रोगाचीं शेकडा पंचाण्णवांहून अधिक मुलें वांचतात. गरीब देशांत तें प्रमाण बरेंच कमी आहे. औषध तेंच, शस्त्र तेंच. फरक पडतो तो उशिराचा. चमक दिसते, पण "होईल बरें, डोळे आजीवर गेले आहेत," असें म्हणून महिने जातात. मग वैद्य डोळा काढण्यास सांगतात तेव्हां घरचीं माणसें मूल घेऊन निघून जातात, आणि परत येतात तेव्हां रोग डोळ्याबाहेर पडलेला असतो. एक डोळा व एक जीव ह्यांतील निवड क्रूर आहे. परंतु ती निवड आहे हें वॉर्ड्रॉपनें १८०९ सालींच सांगून ठेवलें आहे. आजच्या घरोघर असलेल्या छायाचित्रयंत्रानें एक सोय करून ठेवली आहे. प्रकाशाचा झोत टाकून काढलेल्या छायाचित्रांत मुलाची एक बाहुली तांबूस वा काळी आणि दुसरी पांढरी उमटलेली वारंवार दिसली, तर तें छायाचित्र घेऊन त्याच आठवड्यांत नेत्रवैद्याकडे जावें. पुष्कळदां कारण दुसरेंच निघेल आणि मन स्वस्थ होईल. ज्या घरांत एका मुलास हा रोग झाला असेल, तेथें धाकट्या भावंडांचे डोळे जन्मल्यापासून तपासून घ्यावे, आणि रक्ताच्या परीक्षेनें जनुकाचा दोष वंशांत आहे किंवा नाहीं हें पाहून घ्यावें. दोष नाहीं असें ठरल्यास त्या भावंडांची वारंवार होणारी तपासणी टळते. गुंगी देऊन लहान मुलाचे डोळे पाहणें ही कांहीं थोडी यातना नव्हे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून मला राहवत नाहीं. आपल्याकडे मुलाच्या दुखण्याचा जाब आईस विचारण्याची वाईट खोड आहे. ग्रहणांत काय चिरलें, डोहाळ्यांत काय खाल्लें, कोणाची दृष्ट लागूं दिली, अशी तिची उलटतपासणी होते. विज्ञानाची साक्ष अशी आहे कीं, ह्या रोगाच्या बहुतेक मुलांत दोष घराण्यांतून आलेलाच नसतो. आणि जेथें बीजांतच नवा दोष उत्पन्न होतो, तेथें तो बहुधा बापाकडच्या प्रतींत झालेला आढळतो. हें मी बापास आरोपी करण्यासाठीं सांगत नाहीं. लाखों अक्षरांची पोथी पिढ्यान्‌पिढ्या उतरून काढतांना एखादें अक्षर चुकतें. त्यांत लेखकाचा गुन्हा नसतो. गुन्हा होतो तो चूक दिसल्यावर ती झांकण्यांत.

अति तेथें माती, अशी आपली म्हण आहे. शरीराच्या प्रत्येक पेशींत ही म्हण एका लहानशा प्रथिनाच्या रूपानें जागती आहे. तें रात्रंदिवस कोट्यवधि पेशींत रुमाल बांधीत व सोडीत असतें, आणि आपणांस त्याची वार्ताहि नसते. त्या अबोल कारभाऱ्याचा शोध ज्या दुर्दैवी बालकांच्या डोळ्यांमुळें लागला, त्यांचें ऋण आपण जाणावें; आणि तें फेडण्याचा मार्ग एवढाच कीं, पुढच्या बालकाच्या डोळ्यांतील पांढरी चमक आपल्या नजरेंतून सुटूं नये.